मधाच्या बाटलीवर काय लिहावे

फाल्गुन-चैत्र आला की केळशीत माणसांची वर्दळ वाढते. महालक्ष्मीच्या उत्सवाला चाकरमानी येतात, वेळास-आंजर्ल्याला कासवांची पिल्ले पाहायला निघालेले पुणेकर-मुंबईकर वाट वाकडी करून इथली वाळूची टेकडी बघायला उतरतात. दापोली तालुक्याच्या या पट्ट्यात सातेरी माश्यांच्या पेट्यांतून मध निघू लागतो तोही याच सुमारास. म्हणजे माल घरात आणि गिऱ्हाईक दारात. अडते ते बाटलीपाशी.

कोकणात दारात विकला जाणारा मध पुष्कळदा ७५० मिलीच्या बाटलीत असतो. बाटली मूळची कशाची ते सांगायला नको. ती धुऊन उन्हात वाळवलेली असते आणि चिकटपट्टीवर पेनाने ‘शुद्ध मध’ एवढेच लिहिलेले असते. वजन विचारले तर उत्तर येते, ‘एक बाटली’. यात विकणाऱ्याचेच नुकसान आहे. मध पाण्याच्या सुमारे १.४ पट जड असतो. त्यामुळे ७५० मिलीच्या बाटलीत एक किलोहून थोडा जास्तच मध मावतो. बाटलीचे पाचशे रुपये घेणारा मधपाळ प्रत्यक्षात किलोला पाचशेही घेत नसतो, आणि ‘गावचा मध महागच’ म्हणत घासाघीस करणाऱ्याला याचा पत्ताही नसतो. नियमसुद्धा मधपाळाच्या बाजूचा आहे. घट्ट, चिकट, हळू ओघळणाऱ्या वस्तूंचे परिमाण वजनात द्यायचे असते, मिलिलीटरमध्ये नाही. अर्धा किलो मधासाठी साधारण ३५० मिलीची नवी काचेची बाटली घ्यावी आणि तिच्यावर ‘निव्वळ वजन ५०० ग्रॅम’ लिहावे. जुन्या बाटल्यांचा मोह सोडलेला बरा. त्यांच्या काचेत दुसऱ्याच कंपनीचे नाव कोरलेले असते, आणि आतला वास कितीही धुतला तरी कधीकधी राहतो.

लेबलाची तयारी छापखान्यात गेल्यावर करून चालत नाही. बाटलीवरच्या बहुतेक प्रत्येक ओळीमागे पेटीपाशी किंवा पडवीत घडलेली एखादी गोष्ट असते, आणि तपासणीला आलेला अधिकारी काय किंवा चौकस गिऱ्हाईक काय, विचारतो ती तीच गोष्ट. म्हणून छोट्या मधपाळाने एक पथ्य पाळावे: जे आपल्या वहीत दाखवता येईल, तेवढेच बाटलीवर लिहावे.

दोन कायदे, दोन खाती

मधाच्या बाटलीवर दोन वेगवेगळ्या कायद्यांची नजर असते. पहिला अन्न सुरक्षा व मानके कायदा, २००६. त्याखालची लेबलांची सध्याची नियमावली २०२० ची आहे आणि महाराष्ट्रात ती राबवते अन्न व औषध प्रशासन, म्हणजे लोकांच्या तोंडचे ‘एफडीए’. दुसरा वैध मापनशास्त्र कायदा, २००९ आणि त्याखालचे आवेष्टित वस्तूंचे २०११ चे नियम. हे काम ज्या खात्याकडे आहे त्याला बाजारात अजून ‘वजन-मापे’ म्हणतात. पहिल्या कायद्याबद्दल गावात थोडेफार ऐकलेले असते. दुसरा बहुतेकांना तपासणी झाल्यावरच कळतो.

छोट्या व्यावसायिकाला अन्न परवान्याची गरज नसते, नोंदणी पुरते. २०११ च्या नियमावलीने नोंदणीची मर्यादा वर्षाला १२ लाख रुपये उलाढाल आणि शुल्क वर्षाला १०० रुपये असे ठेवले होते. अर्ज करण्याआधी ‘फॉस्कॉस’ या सरकारी पोर्टलवर त्या दिवसाची मर्यादा आणि शुल्क पाहून घ्यावे. अर्ज तिथेच करता येतो. फोटो, ओळखपत्र आणि जागेचा पत्ता तयार ठेवला की काम फारसे अडत नाही. मिळणारा क्रमांक चौदा आकडी असतो आणि तो अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाच्या, म्हणजे ‘एफएसएसएआय’च्या चिन्हासह बाटलीवर छापावा लागतो. शेजाऱ्याचा किंवा बचत गटातल्या दुसऱ्या कुणाचा क्रमांक ‘सध्यापुरता’ वापरणे ही गावाकडची नेहमीची सोय आहे. ती अजिबात करू नये. क्रमांक पोर्टलवर टाकला की कोणाचा आहे ते कुणालाही दिसते.

इथे एक शंका हमखास निघते. शेतकऱ्याला या कायद्यातून सूट आहे ना? आहे, पण ती शेतकऱ्याच्या हातात असलेल्या, नैसर्गिक स्वरूपातल्या शेतमालाला. पोळ्याच्या चौकटीतला मध मधयंत्रातून काढला, गाळला, बाटलीत भरला, त्याला नाव देऊन विक्रीला ठेवला, की तो ‘नैसर्गिक स्वरूपातला शेतमाल’ आहे हे पटवून देण्याची जबाबदारी मधपाळावर येते. नोंदणीचा खर्च पाहता या वादात शिरण्यात काही अर्थ नाही.

वजन-मापे खात्याकडची नोंदणी वेगळी. जो कोणी माल आधी भरून, बंद करून विकतो, त्याने बाटलीबंद विक्री सुरू केल्यापासून ९० दिवसांत ‘आवेष्टक’ म्हणून नोंदणी करायची असते. तिचे शुल्क ५०० रुपये. या नियमात ‘आधी भरलेला’ याचा अर्थ नेमका आहे: गिऱ्हाईक समोर नसताना भरलेला. गिऱ्हाईक स्वतःचा डबा घेऊन आले आणि त्याच्यादेखत काट्यावर वजन करून मध ओतून दिला, तर ती सुटी विक्री झाली. तिला बाटलीवरच्या मजकुराचे हे नियम लागत नाहीत. अन्नाची स्वच्छता आणि भेसळ यांचे नियम मात्र लागतातच, आणि काट्यावर वजन-मापे खात्याचा चालू शिक्का हवा. ज्याच्याकडे दोन-तीन पेट्या आहेत आणि मध आळीतच संपतो, त्याने पहिली एक-दोन वर्षे अशी सुटी विक्री केली तरी बिघडत नाही.

बाटली हातात घेऊन पाहू

समजा ५०० ग्रॅमची बाटली आहे आणि किंमत ४०० रुपये ठेवायची आहे. समोरच्या बाजूला सर्वांत ठळक पदार्थाचे नाव, ‘मध’. त्याच बाजूला निव्वळ वजन. वजनासमोर ‘अंदाजे’, ‘सुमारे’, ‘भरताना’ असले शब्द चालत नाहीत. बाटलीचे आणि झाकणाचे वजन वजा करून जे उरेल ते, सरळ. हिरवा ठिपका लावताना काहींचे मन कचरते, मध माशीचा म्हणून. नियमाने हा प्रश्न आधीच सोडवला आहे. मांसाहारी अन्नाच्या व्याख्येत कीटक येतात, पण दूध, दुधाचे पदार्थ, मध आणि मेण यांना त्यातून नावानिशी वगळले आहे.

मागच्या बाजूला मधपाळाचे किंवा गटाचे नाव आणि पूर्ण पत्ता येतो. ‘केळशी, कोकण’ एवढ्याने भागत नाही. घर क्रमांक किंवा आळी, गाव, तालुका दापोली, जिल्हा रत्नागिरी, पिनकोड इथपर्यंत लिहावे. त्याखाली तक्रारीसाठी फोन क्रमांक आणि असेल तर ई-मेल. मग बॅच क्रमांक, भरल्याचा महिना व वर्ष, कोणत्या तारखेपर्यंत वापरावा ते, आणि किंमत. किंमत ‘कमाल किरकोळ किंमत ४०० रुपये, सर्व करांसहित’ अशी लिहायची. शिवाय आता एका ग्रॅमचा भावही द्यावा लागतो. माल किलोपेक्षा कमी असेल तर दर ग्रॅमवर काढायचा. इथे तो ०.८० रुपये येतो. २५० ग्रॅमची बाटली २२० रुपयांना ठेवली तर ०.८८ रुपये. लहान बाटली महाग पडते हे त्यामुळे गिऱ्हाइकाला दिसते, आणि दिसावे हाच त्यामागचा हेतू आहे.

छापलेल्या किमतीपेक्षा एक रुपयाही जास्त घेता येत नाही, मग बाटली रस्त्यावरच्या टपरीवर असो की समुद्राकाठच्या रिसॉर्टमध्ये. रिसॉर्टवाल्याला मार्जिन हवे असते. तो हिशेब किंमत ठरवतानाच धरावा. नंतर जुन्या किमतीवर वाढीव किमतीची चिठ्ठी चिकटवणे हा गुन्हा आहे. किंमत कमी करायची असेल तर चिठ्ठी चालते, पण मूळ छापील किंमत झाकता कामा नये.

घटकांची यादी? नुसत्या मधात दुसरे काही नसते, त्यामुळे यादीचा प्रश्न येत नाही. पण काजूगर मधात बुडवून विकले किंवा मधात आल्याचा रस घातला, की चित्र पालटते. तो ‘मध’ राहत नाही. त्याला त्याचे खरे नाव द्यावे लागते, घटक प्रमाणाच्या उतरत्या क्रमाने लिहावे लागतात, आणि काजू असेल तर ॲलर्जीची वेगळी सूचना द्यावी लागते. पोषणमूल्यांच्या तक्त्यातून एकाच घटकाच्या, प्रक्रिया न केलेल्या पदार्थांना सूट आहे. आपला मध तिच्यात बसतो का, हे नोंदणीच्या वेळीच अन्न सुरक्षा अधिकाऱ्याला विचारून घ्यावे. मध तापवून, यंत्रातून गाळून विकणाऱ्याने तर नक्कीच विचारावे.

भाषेचा मुद्दा पुष्कळांच्या लक्षातच येत नाही. सक्तीचा मजकूर इंग्रजीत किंवा देवनागरी हिंदीत असायला हवा. मराठी त्याच्या जोडीला हवी तेवढी लिहावी, पण निव्वळ मराठी लेबल नियमात बसत नाही. समोर मराठी आणि मागे इंग्रजी, अशी वाटणी सोयीची पडते.

चुकीच्या किंवा अपुऱ्या लेबलाला कायद्यात ‘मिथ्याछाप’ म्हणतात आणि त्याचा दंड तीन लाख रुपयांपर्यंत जाऊ शकतो. ही वरची मर्यादा झाली. दंड ठरवताना फायदा किती झाला, चूक पुन्हापुन्हा झाली का, हे पाहावे असे कायदाच सांगतो. तरी पाच-दहा पेट्यांच्या धंद्याला त्याचा दहावा हिस्साही परवडणारा नाही.

पिकलेला मध आणि तारीख

‘कोणत्या तारखेपर्यंत वापरावा’ या ओळीपाशी पुष्कळांची लेखणी थांबते. मध कधी खराब होत नाही, असे आजी सांगत आली. पिकलेल्या मधाबाबत तिचे म्हणणे बरेचसे खरे आहे. पण कच्चा मध आंबतो आणि कोकणच्या दमट हवेत लवकर आंबतो. झाकण उघडताना फस्स आवाज येणे, वर फेस दिसणे, किंचित आंबूस वास, या त्याच्या खुणा. कारण एकच, पाणी. मधात पाण्याचा अंश जास्त राहिला की त्यात असलेले यीस्ट कामाला लागते.

२०११ च्या मानकांत मधात २५ टक्क्यांपर्यंत पाणी चालत असे. २०१८ मध्ये मानके बदलली आणि ही मर्यादा २० टक्क्यांवर आली. जुन्या प्रशिक्षणाच्या वह्यांत अजून पंचवीसचाच आकडा सापडतो. सातेरीच्या मधात पाणी मुळातच थोडे जास्त असते. त्यात किनाऱ्यावरची हवा. त्यामुळे केळशीच्या मधपाळाला वीसचा आकडा गाठायला सातारच्या मधपाळापेक्षा अधिक काळजी घ्यावी लागते. उपाय पेटीपाशीच आहे. चौकटीतली निदान तीन-चतुर्थांश घरे माश्यांनी मेणाने बंद केल्याशिवाय ती चौकट यंत्रात घालू नये. उघड्या घरांतला मध अजून माश्यांच्या पंख्याखाली सुकत असतो. काढणी सकाळी दव असताना करण्यापेक्षा ऊन चढल्यावर करावी, मध उघड्या पातेल्यात रात्रभर ठेवू नये, आणि शक्य असेल तर पाण्याचा अंश मोजणारा रिफ्रॅक्टोमीटर घ्यावा. चार-पाच मधपाळांनी वर्गणी काढून एक घेतला तरी भागते. मधाचा एक थेंब काचेवर टाकायचा, उजेडाकडे धरून आकडा वाचायचा आणि वहीत लिहायचा. तो आकडा अठरा-एकोणीस असेल तर लेबलावर दीड-दोन वर्षांची मुदत निर्धास्तपणे लिहिता येते. बावीस असेल तर ती बाटली विकू नये, घरात आधी संपवावी.

पाणी आटवायला मध चुलीवर तापवणे हा उपाय अंगाशी येतो. उष्णतेने मधात एचएमएफ नावाचा पदार्थ वाढतो. मानकांत त्याची मर्यादा किलोमागे ८० मिलिग्रॅम आहे आणि प्रयोगशाळेत तो लगेच सापडतो.

थंडीत मध गोठला की गिऱ्हाईक फोन करते, ‘साखर मिसळली का हो?’ गोठणे हा मधाचा स्वभाव आहे. लेबलाच्या कोपऱ्यात एक ओळ असावी: मध गोठल्यास बाटली कोमट पाण्यात ठेवावी, विस्तवावर तापवू नये. नियम ती मागत नाही, पण तिच्यामुळे शंभर फोन वाचतात. दुसरी अशीच ओळ त्याहून महत्त्वाची: एक वर्षाखालच्या बाळाला मध देऊ नये. मधात कधीकधी बोट्युलिझमचे जिवाणू बीजरूपात असतात. मोठ्यांच्या पोटात ते काही करत नाहीत, तान्ह्याच्या आतड्यात मात्र वाढून विष तयार करू शकतात. नवजात बाळाला मध चाटवायची आपल्याकडची प्रथा पाहता, ही ओळ मराठीत आणि मोठ्या अक्षरांत हवी.

जांभूळ, कारवी आणि केळशीचे नाव

‘जांभळाचा मध’ असे लिहिले की भाव वाढतो. लिहायला हरकत नाही, पण मानक सांगते की एकाच फुलाचे नाव द्यायचे तर त्या मधातल्या परागकणांपैकी निदान ४५ टक्के त्या झाडाचे असावेत. हे सूक्ष्मदर्शकाखाली मोजले जाते. पेटी जांभळाखाली ठेवली होती एवढा पुरावा पुरत नाही. माशी जांभळावर जाते तशी करवंदावर, काजूवर, ऐन-किंजळावर, नारळाच्या पोयीवरही जाते. परीक्षण केलेले नसेल तर ‘बहुफुली मध’ लिहावे आणि खाली बारीक अक्षरांत ‘काढणी एप्रिल’ इतके द्यावे. जाणकाराला महिन्यावरूनही पुष्कळ कळते.

सह्याद्रीतल्या एका झुडपाला मात्र या मानकांत खास जागा आहे. कारवी. सात-आठ वर्षांतून एकदा डोंगर जांभळा करणाऱ्या या झुडपाच्या मधाची घडणच वेगळी असते. म्हणून इतर मधाला किमान ६५ टक्के अपचयी साखर लागते तिथे कारवीला ६० चालते, आणि सुक्रोज या साखरेचा अंश इतरांना ५ टक्क्यांपर्यंत, कारवीला १० पर्यंत. याचा व्यवहारातला अर्थ असा, की कारवीचा मध नुसता ‘मध’ म्हणून तपासणीला गेला तर खरा असूनही नापास होऊ शकतो. ज्या वर्षी कारवी फुलेल त्या वर्षीची काढणी वेगळी ठेवावी आणि लेबलावर तिचे नाव द्यावे.

गावाच्या नावाबाबत कोकणाला वेगळे सांगायला नको. परराज्यातला आंबा ‘देवगड’ किंवा ‘रत्नागिरी’ छापलेल्या पेटीतून कसा विकला जातो हे इथल्या बागायतदाराने वर्षानुवर्षे सोसले आहे. २०१८ मध्ये हापूसला भौगोलिक मानांकन मिळाले त्यामागे ही चीड होती. तोच बागायतदार बाहेरून डबे आणून त्यावर ‘केळशीचा मध’ लिहू लागला तर त्याने तक्रार कुठल्या तोंडाने करायची? हंगामात मागणी वाढते, घरचा मध संपतो आणि व्यापारी वीस किलोचे डबे आणून द्यायला तयार असतो, हे खरे आहे. तो मध विकायचा असेल तर विकावा, पण वेगळ्या लेबलाने. कोणाकडून घेतला याची पावती जपावी, बॅच वेगळी द्यावी, आणि आपण तो फक्त भरला हे ‘भरणारा’ या शब्दाने स्पष्ट करावे.

शुद्ध, सेंद्रिय, औषधी

दाव्यांसाठी २०१८ ची वेगळी नियमावली आहे. ‘शुद्ध’ किंवा ‘नैसर्गिक’ हे शब्द, ज्यात काहीही मिसळलेले नाही अशा एकघटकी पदार्थाला वापरता येतात. मधपाळाच्या मधात मिसळ कुठून येणार? येते ती नकळत. पावसाळ्यात फुलोरा नसतो तेव्हा वसाहत जगवायला साखरेचा पाक द्यावा लागतो. जून ते सप्टेंबरच्या कोकणी पावसात त्याला इलाज नाही. पण पाक देणे हंगाम सुरू झाल्यावरही चालू राहिले, तर माश्या तोच पाक वरच्या मधकोठीत साठवतात, आणि उसाची साखर प्रयोगशाळेत ओळखू येते. तिची मर्यादा ७ टक्के आहे. म्हणून शेवटचा पाक कोणत्या तारखेला दिला आणि मधकोठी कोणत्या तारखेला चढवली, या दोन तारखा वहीत पाहिजेतच. दोन्हींत चांगले अंतर असावे. पिल्ले वाढतात त्या पिलावा कोठीतल्या चौकटी तर यंत्रात घालूच नयेत.

‘सेंद्रिय’ शब्दाबद्दल जरा सबुरीने घ्यावे. २०१७ च्या सेंद्रिय अन्नाच्या नियमांत थेट गिऱ्हाइकाला विकणाऱ्या छोट्या उत्पादकाला प्रमाणपत्रातून सूट आहे, म्हणून काहीजण तो बिनधास्त लिहितात. पण मधपाळाची शेती कुंपणात नसते. सातेरी माशी पेटीपासून किलोमीटर-दीड किलोमीटर सहज फिरते, आणि केळशी-आंजर्ल्याच्या पट्ट्यात तेवढ्या अंतरात कुणाची तरी आंब्याची बाग येतेच. मोहरावरची फवारणी तिथल्या मालकाच्या हातात असते. मग ‘सेंद्रिय’ हा शब्द कोणाच्या भरवशावर लिहायचा? त्यापेक्षा बागायतदाराशी बोलून फवारणीच्या तारखा आधी कळवून घ्याव्यात आणि तेवढे दिवस पेट्या हलवाव्यात. माश्याही वाचतात.

खोकला, दमा, मधुमेह, हृदयविकार, वजन कमी करणे यांपैकी काहीही लेबलावर, पत्रकात किंवा व्हॉट्सॲपच्या जाहिरातीत येता कामा नये. रोग बरा करण्याचा दावा अन्नाला करताच येत नाही, आणि दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीचा दंड दहा लाखांपर्यंत आहे. आयुर्वेदात मधाला मोठे स्थान आहे, हे सगळ्यांनाच ठाऊक असते. ते बाटलीवर लिहून मधाचा खप वाढल्याचे दिसत नाही.

गिऱ्हाइकाच्या मनात खरी शंका वेगळीच असते. डिसेंबर २०२० मध्ये दिल्लीच्या ‘सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्न्मेंट’ने देशातल्या १३ ब्रँडांच्या मधाचे नमुने तपासून घेतले आणि त्यांतले तीनच सर्व चाचण्यांत उतरले, असे जाहीर केले. कंपन्यांनी ते नाकारले, वाद झाला. पण तेव्हापासून शहरातला माणूस मधाच्या बाटलीकडे संशयाने पाहतो आणि ओळखीचा मधपाळ शोधतो. छोट्याला इथे संधी आहे. मोठ्या कंपनीच्या बाटलीत कितीतरी ठिकाणचा मध एकत्र झालेला असतो. केळशीचा मधपाळ मात्र सांगू शकतो की हा मध सातेरीचा, खाडीकडच्या सहा पेट्यांतला, चैत्रातल्या दुसऱ्या काढणीचा.

त्यासाठी बॅच क्रमांक साधा ठेवावा. ‘खा-२-०४२६’ म्हणजे खाडीकडच्या पेट्या, दुसरी काढणी, एप्रिल २०२६. वहीत त्याच क्रमांकासमोर किती चौकटी, किती किलो, पाण्याचा अंश, कोणत्या आकाराच्या किती बाटल्या आणि त्या कुठे गेल्या, एवढे लिहावे. प्रत्येक बॅचची एक बाटली सील करून घरात ठेवावी. उद्या कुणी तक्रार घेऊन आले तर बोलायला हातात काही असते.

प्रयोगशाळेत नमुना द्यायचा तर पुण्याची केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्था ही खादी आयोगाची १९६२ पासूनची संस्था आहे. राज्य खादी व ग्रामोद्योग मंडळाचे मध संचालनालय महाबळेश्वरला आहे. त्याच तालुक्यातले मांघर मे २०२२ मध्ये देशातले पहिले ‘मधाचे गाव’ म्हणून जाहीर झाले. एका गावाने मिळून मध काढणे, भरणे आणि विकणे कसे जमवले ते एकदा जाऊन पाहण्यासारखे आहे. घराजवळच, दापोलीला, कृषी विद्यापीठ आहे. राष्ट्रीय मधमाशी मंडळाच्या ‘मधुक्रांती’ पोर्टलवर पेट्यांची नोंद केली तर मध कुठला हे दाखवायला आणखी एक सरकारी कागद मिळतो. ॲगमार्क ऐच्छिक आहे. पहिल्याच वर्षी त्याच्या मागे लागायची गरज नाही.

कामाचा क्रम हंगामाच्या उलट धरावा. पाऊस संपता संपता अन्न नोंदणी करावी, दिवाळीनंतर बाटल्या ठरवाव्यात, आणि लेबलाचा कच्चा नमुना छापखान्यात देण्याआधी रत्नागिरीच्या अन्न व औषध प्रशासनात आणि वजन-मापे कार्यालयात दाखवून आणावा. ‘छापून झाले, आता काय करू?’ असे विचारत गेलेल्या माणसापेक्षा छापण्याआधी विचारणाऱ्याला उत्तर नीट मिळते. स्वस्त पडतात म्हणून एकदम पाच हजार लेबले छापू नयेत. लेबलांच्या नियमांतले बदल १ जुलैपासून लागू करण्याची पद्धत आहे, तेव्हा एका हंगामापुरतीच छापावीत. बॅच, महिना, मुदत आणि किंमत यांच्या जागा कोऱ्या ठेवून त्या शिक्क्याने भराव्यात. शिक्क्याची शाई मात्र पुसली न जाणारी हवी. मधाचा ओघळ बाटलीवरून खाली आला की साधी शाई पहिली जाते, आणि तारीख पुसलेली बाटली नियमाच्या दृष्टीने तारीख नसलेलीच बाटली असते.